हंसाबेनची बजर

माझ्यावर उपकार आहेत ते हंसाबेनचे. हे आधीच लिहून टाकते. पुढे खापर येईल, लग्नाचा मांडव येईल, आप्पा आणि विहीणबाई येतील, आणि त्या गर्दीत हंसाबेन बाजूला राहतील. बाजूला राहणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. चार माणसं बोलत असली की पाचवा आवाज त्यांचा, आणि सगळ्यात मोठा. तरी माझ्यासाठी त्या बाजूला राहायला शिकल्या. त्याला त्यांना किती कष्ट पडले, ते मी जवळून बघितलंय.

सुरतला, उधन्यात, त्यांच्या मालकीच्या चाळीत आमची खोली होती. चाळीत सगळे आमच्या खानदेशातले; कुणी शिरपूरकडचे, कुणी अमळनेरचे, आम्ही दोंडाईच्याजवळचे. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, जायचे आणि बाया घरात. चाळीच्या तोंडाशी हंसाबेनचं घर, घराला ओटा आणि ओट्यावर पितळी कड्यांचा हिचको. हिचको म्हणजे आपला झोपाळा. त्या सकाळी त्यावर बसल्या की जेवायला आणि देवाला तेवढ्या उठायच्या. झोपाळा एका लयीत कुरकुरायचा. त्याची कुरकुर थांबली की चाळीतल्या बाया म्हणायच्या, "हंसाबेन कुणावर तरी उठल्या वाटतं."

गोऱ्यापान, आडव्या अंगाच्या, कपाळ मोकळं. पातळ नेहमी फिकट रंगाचं, पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे, आणि कमरेला खोचलेली स्टीलची डबी. त्या डबीत बजर असायची. बजर म्हणजे तंबाखूची भुकटी, आमच्याकडच्या मिश्रीची सुरती बहीण. ती बोटावर घ्यायची आणि हिरड्यांना चोळत बसायचं. बोट तोंडात असेपर्यंत माणूस बोलू शकत नाही, हे या डबीबद्दल लक्षात ठेवायचं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला ओट्यापाशी बोलावलं.

"नाम?"

"मी भास्करची..."

"भास्करला मी ओळखते. नाम तुझा विचारला."

"सुमन."

"शुं आवे छे तने? काय येते तुला?"

मी खाली बघत म्हटलं, "काही नाही. सातवीतून शाळा सोडली."

"शाळेचा कोण पूछते? हाताला काय येते?"

"स्वयंपाक... धुणंभांडी..."

"ए तो बध्धांना येते. जा, विचार करून ये."

मी विचार करून कसली जाते! मी त्या ओट्यावरून जायचंच टाळायला लागले. नळावर जायचं तर मागच्या बोळातून जायची. पण हंसाबेन मागच्या बोळावरही नजर ठेवून असायच्या. खिडकीतून हाक यायची, "ए सुमनडी! विचार केला?" माझ्या हातातली कळशी हिंदकळायची. मी तेव्हा अशीच होते. कडी लावली की नाही हे परत परत बघायची, दुकानात दुसऱ्या बाईच्या मागे उभी राहून ती मागेल तेच मागायची. गाव सोडून इतक्या लांब आलेली, भाषा वेगळी, आणि कुणी प्रश्न विचारला की मी आधी मागे वळून बघायची, दुसऱ्या कुणाला विचारलंय का म्हणून.

त्यांच्या त्या डबीची ओळख मला ज्योतीच्या तापात झाली. ज्योती माझी मुलगी. दोन दिवस पोर फणफणलेली, हे खात्यात. हंसाबेन स्वतःच आल्या, पोरीच्या कपाळाला हात लावला, एक अस्सल सुरती शिवी तापाला दिली आणि मला रिक्षात घातलं. रिक्षात पूर्ण वाट त्यांचं तोंड चालू. रिक्षावाल्याचं गाव कुठलं, त्याने लग्न का नाही केलं, पुलाचं काम कोण खातंय. म्हटलं, चला, आता डॉक्टरशी पण याच बोलतील. नंबर आला. डॉक्टर गुजराती. त्यांनी वर बघून विचारलं, "शुं थयुं छे?" मी हंसाबेनकडे बघितलं. हंसाबेननी शांतपणे कमरेची डबी काढली, चिमूटभर बजर बोटावर घेतली आणि बोट तोंडात घातलं.

मी बघतच राहिले. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी हंसाबेनकडे बघतेय, आणि हंसाबेन भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत हिरड्या चोळतायत.

शेवटी मीच बोलले. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, मध्ये "छोकरी" आणि "ताव" असे दोन गुजराती शब्द, आणि बरंचसं रडणं. डॉक्टरांना सगळं कळलं. औषध मिळालं. बाहेर आल्यावर हंसाबेननी नळावर चूळ भरली. मी रागाने त्यांच्याकडे बघत नव्हते.

"रुसली?"

"तुम्हाला बोलता येतं ना? मग?"

"मला येते. मने खबर छे. पण माझी जीभ रोज तुझ्याबरोबर दवाखान्यात येणार आहे?" मग जरा हसून म्हणाल्या, "आणि बजर घातली नाही ना, तर मी बोलून टाकते. मला गप्प बसवत नाही गं, बळी!" बळी म्हणजे जळली मेली, त्यांची लाडाची शिवी.

हे त्यांनी चाळीतल्या प्रत्येक बाईला केलेलं होतं. कुणाला शाळेत नाव घालायला, कुणाला बाळंतपणाचं नाव नोंदवायला. सोबत यायच्या, धीर यायचा, आणि ऐन वेळी डबी निघायची. आमच्या शेजारच्या खोलीतल्या कोकिळाबाई म्हणायच्या, "हाई बाई माणूसले पान्यामा ढकली देस, आन काठवर बशी ऱ्हास." म्हणजे पाण्यात ढकलते आणि काठावर बसून राहते. पण काठावर बसून राहते, उठून जात नाही, हेही कोकिळाबाईंनाच कळलेलं होतं.

असं का करतात, ते एकदा त्यांनीच सांगितलं. शेंगा सोलत होतो. त्यांचे मालक तरुणपणीच गेले. घरात जेठ, म्हणजे मोठे दीर. त्यांच्यासमोर लाज काढायची, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, आणि तोंडातून शब्द नाही. भाडेकरूंशी जेठ बोलणार, मुलाच्या शाळेत जेठ बोलणार, हंसाबेनच्या पोटात दुखलं तरी वैद्याला जेठच सांगणार की हिच्या पोटात दुखतंय.

"एक वेळ दुखत होता डावीकडे, त्यांनी सांगितला उजवीकडे," त्या म्हणाल्या, "नि मी पदरातून काय बोलणार? उजवीकडचा औषध प्याली." स्वतःच खदखदून हसल्या. मग हसू थांबलं. "जेठ होते तोवर माझी जीभ मी भाड्याने दिलेली होती, सुमनडी. तुमची पण कोणाकडे भाड्याने आहे, मला दिसते ने."

नंतर चौऱ्याण्णव साली सुरतला प्लेग आला. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनीच खूप सांगितलंय. मी एवढंच सांगते की चाळ एका दिवसात रिकामी झाली. मिळेल त्या गाडीत, मिळेल त्या दारात उभं राहून आम्ही गावाला पळालो. हंसाबेनचा मुलगा मनोज नवसारीला होता. तो न्यायला आला तर त्यांनी त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. "माझ्या खोल्या कोण बघेल?" म्हणाल्या.

आम्ही परत आलो तेव्हा दाराशी तेलाच्या डब्यात लावलेली माझी तुळस हिरवीगार होती. सगळ्यांच्याच दारातल्या तुळशी जिवंत होत्या. हंसाबेन रोज नाकाला पदर बांधून रिकाम्या चाळीतून पाणी घालत फिरल्या होत्या. मी वाकून नमस्कार करायला गेले तर म्हणाल्या, "बस बस. एकटी होती मी. माणूस नव्हता तर झाडांशी बोलत होती. तुझी तुळशी तुझ्यासारखीच, जबाब देत नाही."

तुळस राहिली, पण यांचं काम राहिलं नाही. आधी परतलेल्यांनी लूम धरले होते. खात्याचा मुकादम म्हणाला, कुणी आलं नाही तर बदलीवर ये. कधी काम, कधी नुसतंच जाऊन परत. असं होत होत दिवाळी झाली. एक दिवस हे जेवता जेवता म्हणाले, "होळीपर्यंत ही लग्नसराई बघतो. तोवर कायमचं काम नाही लागलं तर खोली सोडू. गावी जाऊ."

ते गावी म्हणाले आणि मला नदी दिसली. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, आणि तिथे शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे, आणि मुलीला नदीपलीकडे पाठवायचं नाही, असं माझ्या वडलांनी ठरवलं. तसंच माझ्या सासऱ्यांनी नणंदांचं ठरवलं. ज्योती उधन्याच्या मराठी शाळेत चौथीत होती. पाढे म्हणताना झोपाळ्याच्या कुरकुरीवर ताल धरायची. गावी गेलो की तिचंही सातवीला ठरलेलं. मी यांना काही बोलले नाही. माझं न बोलणं यांना होकारासारखं वाटायचं.

गावाहून परत येताना सगळ्यांनी धान्य आणलं होतं, मी खापर आणलं होतं. माझ्या आईचं. आमच्याकडे मांडे करतात ते या खापरावर. मातीचं मोठं गोल भांडं, चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या पाठीवर मांडा भाजायचा. आईचे हात आता उचलत नाहीत, म्हणून तिने ते मला दिलं. भुसावळ पॅसेंजरमध्ये मी ते फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. गाडीतल्या बाया विचारायच्या, "बाळ कितला महिनानं शे?"

एका रविवारी ज्योतीने हट्ट धरला म्हणून मी अंगणात तीन विटा मांडल्या आणि खापर चढवलं. पीठ वस्त्रगाळ केलेलं, तेल लावून तिंबून लोण्यासारखं मऊ. पुरणाचा उंडा भरला, थोडा लाटला आणि दोन्ही हातांवर घेतला. मांडा हातांवर खेळवायचा असतो. आधी तळहातावर, मग मनगटांवर, मग कोपरांपर्यंत पसरत जातो, पातळ होत होत. पलीकडचं दिसायला लागलं की अलगद खापरावर टाकायचा. हे करताना मी कशालाच घाबरत नाही. का कोण जाणे, हातावर मांडा असला की मला दुसरं काही सुचत नाही.

झोपाळ्याची कुरकुर थांबली होती, तेही मला कळलं नाही.

"अरे बाप रे!" मागून आवाज आला. "रोटली छे के ओढणी?"

हंसाबेन माझ्यामागे उभ्या होत्या. मी पहिला मांडा घडी घालून त्यांना दिला, वर तूप, वाटीत दूध. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि खायला लागल्या. सुरती माणूस खाण्याच्या बाबतीत फार कडक. आमच्या भाजीला त्या "मिरचीचा काढा" म्हणायच्या, शेवभाजीला नावं ठेवायच्या आणि परत मागून घ्यायच्या. पण मांडा खाताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ना बजर, ना काही. पूर्ण मांडा संपेपर्यंत हंसाबेन आपणहून गप्प होत्या. चाळीतल्या बाया दारात येऊन बघून गेल्या, तब्येत बरी आहे ना म्हणून.

खाऊन झाल्यावर बोटं चाटत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता मार बसणार.

"हे तुझ्या हातात होता? नि मला सांगते काही येत नाही? जुठ्ठी!"

"पण हे तर आमच्याकडे सगळ्यांनाच..."

"तुमच्याकडे! इथे कोणाला येते? सुरतमां?"

तोवर आमचे लोक लग्नं गावी जाऊन करायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच पुष्कळांनी उधन्यातच मांडव घालायचं ठरवलं होतं. हंसाबेनना कोणाच्या घरी कधी लग्न आहे ते पाठ. दुसऱ्याच दिवशी त्या मला राजाराम आप्पांकडे घेऊन गेल्या. आप्पा आमच्याच भागातले, एका खात्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे मोठे कारागीर. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि वऱ्हाड धुळ्याहून येणार होतं.

आप्पांनी पाणी दिलं, चहा सांगितला आणि हंसाबेनना विचारलं, "बोला बेन, कसं येणं केलं?"

मला माहीत होतं काय होणार. हात कमरेकडे गेला. डबी निघाली.

आप्पा वाट बघतायत. हंसाबेन तोंडाकडे बोट दाखवून मान हलवतायत, की बघा बुवा, माझ्या तोंडात आहे. चहा आला, तरी त्यांचं बोट तोंडातच. मला त्यांचा असा राग आला की त्या रागातच माझं तोंड उघडलं.

"आप्पा, लग्नात मांडे करा. मी करते."

"तू? इथं? मांडे?" आप्पा हसले. "अवं पोरी, दीडेकशे पान शे. आचारी पुऱ्या करी देई."

"पुऱ्या तर कुणाच्याही लग्नात असतात," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "धुळ्याची माणसं पोरगी न्यायला येणार. त्यांना वाटायला नको की सुरतला येऊन आप्पा आपलं विसरले."

आप्पा हसायचे थांबले. मग मी सांगत सुटले. चूल वेगळी पाहिजे, आचाऱ्याच्या चुलीपासून लांब, वारा लागणार नाही अशी, लाकडं आंब्याची, हाताखाली दोघी बाया. मजुरीचंही बोलले. आप्पा घरात जाऊन बायकोला विचारून आले आणि हो म्हणाले.

गल्लीच्या टोकाशी हंसाबेननी चूळ भरली, आणि मग जे बोलायला लागल्या ते चाळ येईपर्यंत थांबल्याच नाहीत. आप्पांच्या चहात आलं नव्हतं, खुर्ची हलत होती, मी चूल मागितली ते बरोबर, पण सावली मागायला विसरले. तेवढा वेळ तोंडात सगळं साठून राहिलं होतं बिचारीच्या.

एवढ्या पानांना एक खापर पुरणार नव्हतं. हंसाबेननी ओळखीच्या कुंभाराकडून तीन नवी करून घेतली. त्या हातवारे करून सांगत होत्या, "मटका, पण गळा नको, पोट मोठा, माझ्यासारखा." खापरं छान झाली. लालभडक, घोटीव. लग्नाच्या दिवशी मी, कोकिळाबाई आणि चाळीतल्या दोघींनी मांडवामागे चार चुली मांडल्या. आईचं काळं खापर एका टोकाला, तिन्ही नवी ओळीने. जाळ केला. बँड वाजत होता, पंगत बसायला लागली होती.

पहिलं खापर फुटलं ते आम्हाला बँडमध्ये ऐकूच आलं नाही. कोकिळाबाईंच्या चुलीत राख उडाली, तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, माती कच्ची असेल. मग दुसरं गेलं, टण्ण करून, उभं चिरलं. तिसऱ्याच्या खालचा जाळ मी हातानेच ओढून बाजूला केला, तरी ते गेलंच.

नव्या खापराला एकदम जाळ दाखवायचा नसतो, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? आमच्यापैकी कुणीच नवं खापर कधी बघितलेलं नव्हतं. घरोघरी जे होतं ते सासूच्या सासूचं, आम्ही आलो तेव्हाच काळंकुट्ट. आम्हाला वाटायचं खापर असंच असतं, जन्मापासून तापलेलं.

कोकिळाबाई माझ्याकडे वळल्या. "आते काय करानं वं बहीण? तोंड कसं दाखाडानं?"

माझ्या डोळ्यांपुढे नदी. पलीकडची शाळा. पुन्हा कुणी आम्हाला मांडव दाखवणार नाही, आणि होळीला आमची खोली रिकामी. मी वळून बघितलं. हंसाबेन सावलीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनीही फुटकी खापरं बघितली होती. त्यांच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसला. आप्पांना गाठून, हात जोडून, आचाऱ्याला हलवून, त्यांनी सगळं सांभाळून नेलं असतं. तेवढी ताकद होती त्यांच्या तोंडात. त्या अर्ध्या उठल्या. मग परत बसल्या. डबी काढली. या वेळी अर्धी बजर पातळावर सांडली. पण बोट तोंडात गेलं.

मी हात पुसले आणि आप्पांकडे गेले. ते वराकडच्या मंडळींमध्ये उभे होते.

"आप्पा, तीन खापरं फुटली. एकच राहिलंय. अख्खा मांडा कुणालाच मिळणार नाही. चतकोर मिळेल, पण सगळ्यांना मिळेल, आणि खापरावरून उतरलेला गरम मिळेल. बाकी पोट पुऱ्यांवर भरा."

आप्पांचा चेहरा काळवंडला. "लाज काढी तू मन्ही. व्याह्यासमोर चतकोर?"

एवढ्यात नवऱ्या मुलाची आई, विहीणबाई, पुढे आल्या. उंच, काटक बाई, नाकात नथ. "कोठे शे खापर?" म्हणाल्या आणि सरळ मांडवामागे आल्या. फुटके तुकडे बघितले, एक उचलून वास घेतला. "नवं व्हतं ना? त्याले आधी गोवरीनी धगवर निजाडनं पडस, माय. पहिल्याच दिशी जाळ दाखाडा का ते रडसच." मग आईच्या खापरापाशी आल्या. मी मांडा हातावर घेतला. पंगत थांबली होती, आणि मला माझ्या हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. मांडा कोपरापर्यंत आला, खापरावर पडला, फुगला. मी चार घड्या करून चार भाग केले. पहिला विहीणबाईंनी उभ्याउभ्याच तोंडात टाकला.

"आप्पा," त्या तिथूनच ओरडल्या, "चतकोर शे, पन गावनं शे. वाढा!"

मग मी आणि कोकिळाबाई आलटून पालटून उभ्या राहिलो. शेवटच्या पंगतीला हात वर होत नव्हते. चतकोर-चतकोर करत सगळ्यांना पोचलं, आणि प्रत्येक जण दुसऱ्या चतकोरासाठी ताट पुढे करत होता आणि मी नाही म्हणत होते. इतक्या वेळा "नाही" मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

परत येताना मी रिक्षात रडले. हंसाबेन म्हणाल्या, "गांडी! वेडी कुठली! पोट भरून दिला असता तर खाऊन झोपले असते सगळे. आता अर्धा उधना भुकेला आहे. बघ, येतील."

आणि आले. ती लग्नसराई संपायच्या आत आमच्याकडे पुढची बोलावणी आली. यांना त्या वर्षी बदलीवरच काढावं लागलं, कायमचं काम पुढच्या पावसाळ्यानंतर लागलं, पण खोली सोडायचा विषय परत निघाला नाही. होळीला आम्ही उधन्यातच होतो.

यानंतर हंसाबेनशी माझं एकदाच भांडण झालं. त्या म्हणायला लागल्या, चाळीतल्या सगळ्या बायांना मांडे शिकव. बऱ्याच जणींना येत नव्हते. लहानपणीच सुरतला आलेल्या. मी टाळत राहिले. भीती वाटायची, सगळ्यांना आलं तर मला कोण बोलावेल? एकदा त्यांनी ओट्यावर सर्वांदेखत विचारलं, तेव्हा मी तसं बोलूनही गेले. म्हटलं, "माझ्या हातात एवढंच आहे, तेही वाटून टाकू?"

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मांडवात एक खापर होता त्या दिवशी. तेही फुटला असता तर?" आणि झोपाळा सुरू केला.

दुसऱ्या रविवारी अंगणात बाया जमल्या. विहीणबाईंनी सांगितलं तसं आम्ही नव्या खापरांना गोवऱ्यांच्या धगीवर निजवलं, तेल पाजलं, पुन्हा निजवलं. एक बाई बाळंतपणाला गेली तर दुसरी उभी राहायची. माझा हात भाजला त्या महिन्यात माझ्या घरात चूल पेटली ती इतर बायांच्या हातांवर. हंसाबेननी स्वतःही शिकायचा प्रयत्न केला. त्यांचा मांडा पहिल्यांदा कोपरावरून ज्योतीच्या डोक्यावर पडला, दुसरा खापरावर पडला तो गुजरातच्या नकाशासारखा, एका बाजूला फाटलेला. "सौराष्ट्र तुटला," म्हणाल्या आणि तो तुटलेला तुकडा आधी खाल्ला.

आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी जायला निघालो की त्यांचं एकच असायचं, "मने लई जा, मला पण ने." आखाजीला आमच्याकडे मांडे आणि आंब्याचा रस, माहेरी आलेल्या लेकी आणि कडुनिंबाला बांधलेले झोके. झोक्याचं ऐकून त्यांना राहवायचं नाही. "झाडाचा हिचको? किती उंच जातो? मी बसली तर फांदी राहील?" मी म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की. एका वर्षी गाडीत गर्दी, एका वर्षी सासूबाई आजारी, एका वर्षी मांडवाचं काम. पुढचं वर्ष दर वर्षी पुढेच जायचं.

मग मनोजने चाळ विकायचं ठरवलं. हंसाबेनचे गुडघे गेले होते, एकट्या राहू शकत नव्हत्या. आम्ही तोवर उधन्याजवळच पांडेसऱ्याला स्वतःची खोली घेतली होती. ज्योती नववीत होती, दोन रस्ते ओलांडून शाळेत जायची. मध्ये नदी नव्हती. त्या जायच्या दिवशी आम्ही सगळ्या बाया गेलो. टेंपोत सामान भरलेलं. झोपाळा कड्या काढून आडवा ठेवला होता. ओट्यावर, तो जिथे टांगलेला असायचा तिथे, छताला नुसते दोन आकडे राहिले होते.

हंसाबेन पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी खिडकीशी गेले. मनात पुष्कळ होतं. डॉक्टर, आप्पा, तुळस, सगळं. पण मी पहिल्या दिवसासारखी खाली बघत उभी. म्हटलं, आता त्याच काहीतरी बोलतील, शिवी घालतील, आणि सोपं होईल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कमरेची डबी काढली. डॉक्टरांनी बजर बंद करून वर्ष झालं होतं. डबी रिकामी होती. मला आतला स्टीलचा तळ चमकताना दिसला. तरी त्यांनी त्या रिकाम्या डबीत बोट फिरवलं आणि कोरडं बोट तोंडात घातलं. डोळे माझ्यावर. बोल.

मी हसले, रडले आणि बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटी म्हटलं, "आखाजीला नेते तुम्हाला. पुढच्या वर्षी नाही म्हणणार आता. नेते."

टेंपो सुटला. वळणावर खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, डबी धरलेला, आणि पूर्ण गल्लीला ऐकू जाईल असा आवाज, "सुमनडीऽऽ! फांदी जाडी बघून ठेव!"

त्या नवसारीला तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिथे छताला आकडा नाही, झोपाळा गच्चीच्या जिन्याखाली आडवा ठेवलाय असं मनोज सांगतो. मी अजून त्यांना नेलेलं नाही. पण फांदी बघून ठेवली आहे. आमच्या घरामागचा निंब, खालची उजवीकडची, माणसाच्या मांडीएवढी जाड. गुडघे चालत नसले तर खुर्चीत बसवून नेईन, भुसावळ पॅसेंजरमध्ये खापर धरलं होतं तशी त्यांना धरून बसेन. झोक्यावर बसवेन, मागून हलकेच ढकलेन, आणि आईच्या खापरावरचा पहिला मांडा त्यांच्या हातात देईन. चतकोर नाही, अख्खा. आणि तो संपेपर्यंत हंसाबेन गप्प राहतील. आपणहून.